पिवळ्या काचांचा धंदा

अर्धी काच पिवळट, अर्धी लख्ख, आणि मधोमध मास्किंग टेपची सरळ रेघ. हेडलाइट पॉलिश करून देणाऱ्यांची जाहिरात सगळीकडे हीच असते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेच्या गल्ल्यांत, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, आणि आता हायवेवरच्या धाब्यांच्या आवारातही. तिथे तर दुकानसुद्धा लागत नाही. मोटारसायकलच्या डिकीत सगळा सरंजाम भरून पोरं उभी असतात. तुम्ही चहाला थांबलात, की न विचारता हेडलाइटच्या एका कोपऱ्यावर हात फिरवून मोकळी होतात आणि म्हणतात, "काका, बघा तरी." बघितलं की गिऱ्हाईक गळाला लागलंच. तो कोपरा खरंच आरपार दिसतो. शेजारची उरलेली काच मग इतकी भिकार दिसायला लागते, की आपण इतके दिवस हिच्या भरवशावर रात्रीच्या गाड्या हाणल्या तरी कशा, असं वाटतं.

अर्ध्या तासाचं काम, पाचशे-सातशे रुपये, आणि गाडी पाच वर्षांनी तरुण. तक्रारीला जागाच नाही. तक्रार सुरू होते ती पुढच्या उन्हाळ्यात. तीच काच पुन्हा पिवळी पडते, आणि या खेपेला पहिल्यापेक्षा पुष्कळ लवकर. पोरगं तोवर दुसऱ्या धाब्यावर गेलेलं असतं. यात त्याची लबाडी असतेच असं नाही. आपण नेमकं काय घासून काढतो आहोत, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. आणि गिऱ्हाईक विचारतं ते फक्त 'किती घेणार?' एवढंच.

अँबॅसिडर आणि फियाट ज्यांनी चालवली, त्यांच्या वाट्याला हा ताप आला नाही. सात इंची गोल, जाडजूड, रेघारेघांची काच. खडा बसला तर तडा जायचा, पावसात आत पाणी शिरायचं, रिफ्लेक्टरला गंज चढायचा, पण काच वीस वर्षांनीही काचच राहायची. तिच्यावर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असायचा, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. त्या रेघांनाही काम होतं. आतल्या रिफ्लेक्टरवरून आलेला झोत त्या रेघा रस्त्यावर पसरून द्यायच्या. आजच्या दिव्यात हे काम रिफ्लेक्टरच्या पैलूंकडे किंवा आतल्या भिंगाकडे गेलं, आणि बाहेरच्या काचेला फक्त मधे न येण्याचं काम उरलं. नेमकं तेवढंच तिला पंधरा वर्षं जमत नाही.

जुन्या दिव्याचा गोल आकार काही कुणाच्या आवडीनिवडीतून ठरलेला नव्हता. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून 'सील्ड बीम' दिवा सक्तीचा झाला. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात. फिलामेंट उडाली की अख्खा दिवा टाकायचा आणि कुठल्याही दुकानातून त्याच मापाचा दुसरा आणून बसवायचा. स्वस्त आणि सोपं. पण गाडीचा चेहरा कितीही बदला, डोळे तेच. पुढे चौकोनी दिव्यांना परवानगी मिळाली, तरी मापं सरकारनेच ठरवलेली. १९७० च्या दशकात तेल महागलं आणि हवा कापत जाणाऱ्या, उतरत्या नाकाच्या गाड्या सगळ्यांना हव्याशा झाल्या. त्या नाकावर सपाट काचेचं भांडं बसेना. फोर्ड कंपनीने नियम बदलून मागितला, १९८३ मध्ये तो बदलला, आणि १९८४ मॉडेलची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हन ही गाडी अंगाबरोबर वळणारे, प्लास्टिकच्या काचेचे दिवे लावून अमेरिकी रस्त्यांवर उतरली. आपल्याकडे हे वारं पोचलं ते नव्वदीनंतर, नव्या गाड्यांच्या लाटेबरोबर.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. त्याच्या जातकुळीतले पदार्थ आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच बनवले होते, पण त्यांचं काय करायचं हे न सुचल्याने ते तसेच पडून राहिले. (आइनहॉर्नने पुढे दातांच्या डॉक्टरांचं नोव्होकेन शोधलं, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.) १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने, एकमेकांना पत्ता नसताना, काही दिवसांच्या अंतराने पॉलिकार्बोनेट तयार केलं. फॉक्स शोधत होता तारेवरच्या वेष्टनासाठी काहीतरी. हाती आला तो ढवळायच्या दांड्याला चिकटून बसलेला, काही केल्या न फुटणारा गोळा. जर्मनीत त्याचं नाव माक्रोलॉन झालं, अमेरिकेत लेक्सान. चंद्रावर गेलेल्यांच्या डोक्यावरची पारदर्शक टोपी याचीच, सीडी याचीच, पोलिसांच्या हातातली दंगलीतली ढालही याचीच. तुमच्या ऑफिसातला वीस लिटरचा निळा पाण्याचा जारसुद्धा पुष्कळदा याचाच असतो.

हेडलाइटसाठी हे वाण नामी होतं. काचेच्या निम्मं वजन, हव्या त्या आकारात ओतता येतं, दगड बसला तरी चुरा होत नाही. बल्बची धगही बऱ्यापैकी सोसतं, कारण ते मऊ पडायला १४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. खोटी दोन. एक, अंगाने फार मऊ. रस्त्यावरच्या धुळीत जी वाळू असते तिच्यापुढे ते लोण्यासारखं. आणि दोन, ऊन सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, आणि त्यातून पिवळ्या रंगाचे रेणू तयार होतात. हे सगळं वरच्या पातळ थरात चालतं. काच अडीच-तीन मिलिमीटर जाड असते, आणि खाली ती अगदी शाबूत, स्वच्छ असते.

कंपन्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक हेडलाइटच्या काचेवर एक कडक, अतिनील किरण अडवणारा लेप चढवलेला असतो. जाडी साधारण दहा-वीस मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज बांधा. डोळ्यांना न दिसणारा हा लेप म्हणजे हेडलाइटचं आयुष्य. अमेरिकी नियमाप्रमाणे दिव्यांच्या प्लास्टिकचे नमुने फ्लोरिडा आणि ॲरिझोनाच्या उन्हात तीन वर्षं ठेवून तपासतात. एकीकडे दमट ऊन, दुसरीकडे कोरडं. कसोटी चोख आहे, पण तीन वर्षांची. आपल्याकडे गाडीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घेणारे कमी नाहीत. लेप आधी कुठेतरी बारीक तडकतो, मग त्याच्या खपल्या सुटतात, आणि उघडी पडलेली काच उन्हात पिवळी व्हायला लागते. तेव्हा पिवळेपणा हा मळ नव्हे. मळ असता तर धुऊन गेला असता.

कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी एक फेरी मारली तरी हे सगळं वाचता येतं. काचेचा वरचा, आभाळाकडे कललेला भाग आधी जातो, खालचा तुलनेने बरा राहतो. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचे दिवे शेजारच्या उत्तरेकडे तोंड केलेल्या गाडीपेक्षा आधी म्हातारे होतात. झाडाची सावली एकाच बाजूला पडत असेल, तर एक डोळा पिवळा आणि एक ठीक, असं ध्यानही दिसतं. आणि मग बादली-फडकं घेऊन येणारा गाडी पुसणारा. महिन्याच्या ठरावीक पैशांत त्याला वीस-पंचवीस गाड्या उरकायच्या असतात. बादलीतलं पाणी तिसऱ्या गाडीला गढूळ झालेलं, फडकं कोरडं-ओलं. रात्रभर बसलेली धूळ तो त्या फडक्याने काचेवरून रोज फिरवतो, म्हणजे रोज थोडा लेप घासतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. धूळ आधी पाण्याने उडवून लाव, एवढं सांगणारं त्याला कुणी भेटलेलं नसतं.

उरलेली कामगिरी हौशी मालक पार पाडतात. कंपनीचा साठ-पंचावन्न वॉटचा बल्ब काढून तिथे 'हंड्रेड-नाइन्टी' घालायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. बेकायदा तर आहेच, पण त्याची धग काचेला आणि रिफ्लेक्टरला आतून भाजते. काच अंधूक झाली म्हणून जास्त वॉटचा बल्ब, आणि जास्त वॉटच्या बल्बने काच आणखी खराब.

काच अंधूक होण्याचा अर्थ दिवसा कळत नाही. दिवसा तो गाडीच्या दिसण्याचा प्रश्न असतो. रात्री दोन गोष्टी एकदम होतात. रस्त्यावर पडायचा उजेड कमी होतो, आणि जो बाहेर पडतो तो खरबरीत पृष्ठभागावर विखरून भलतीकडे जातो. डिप्परच्या झोताला वरून एक नेमकी कड असते. तिच्या वर समोरच्याचे डोळे, खाली आपला रस्ता. काच खराब झाली की ती कडच उरत नाही. म्हणजे तुम्हाला दिसत नाही आणि समोरचा मात्र तुमच्या नावाने शिव्या घालत अप्पर मारतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुन्या सेडान गाड्यांचे अकरा-एक वर्षं वापरलेले दिवे तपासून पाहिले, तेव्हा पिवळे पडलेले दिवे नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड देत होते. घासून-पॉलिश करून तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. दोन्ही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला काम करून घ्यायला सांगतो, आणि दुसरा सांगतो की घासलेली काच नवी होत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे या वीस टक्क्यांना फार जवळचा अर्थ आहे. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि रात्रीचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि मागचा लाइट नावाला. रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर वर्षी होतात, कारखानेही लावतात, पण रिफ्लेक्टर स्वतः काही उजेड देत नाही, तुमचाच परत देतो. तुमच्याकडून वीस टक्के जाणार असेल, तर परत काय येणार? मधल्या रस्त्याला पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली अशा दिव्यांत दिसते तेव्हा ब्रेक दाबायला अंतर उरलेलं नसतं. गगनबावड्याच्या पुढे करूळ नाहीतर भुईबावडा घाटात धुकं असेल, तर विखुरलेला उजेड धुक्यावर आपटून थेट आपल्याच डोळ्यांत येतो.

शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून कामगारांचे हात चालत आलेत. तिथल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये हे काम वेगळ्या पद्धतीने होताना बघायला मिळालं. पन्नाशीचे पेंटर, हाताखाली एक पोरगा. दाराशी दहा-बारा वर्षांची एक हॅचबॅक, दोन्ही काचा चहाच्या रंगाच्या. पेंटरनी पहिल्यांदा काय केलं, तर मगभर पाणी काचेवर ओतलं आणि नुसते बघत उभे राहिले. ओली असेपर्यंत काच बरीच स्वच्छ दिसली, वाळली तशी पुन्हा पिवळट-पांढरी.

"पाण्यात साफ दिसली न्हवं? मग काम हुतंय," ते म्हणाले. "पाणी मारून बी तशीच राहिली, तर आजार आतला. आत रिफ्लेक्टर जळालाय, न्हाईतर काचंत खोलवर तडं गेल्यात. वरनं कितीबी घासा, काय उपयोग न्हाई. तसं गिऱ्हाईक मी परत लावतो."

यामागचं शास्त्र सरळ आहे. पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यांत पाणी भरतं, तात्पुरता सपाट थर तयार होतो, आणि उजेड विखरायचा थांबतो. दोष वरच्या थरात आहे की आत, हे दहा सेकंदांत कळतं. पदरचा एक पैसा न घालता कुणालाही घरी करता येण्यासारखी परीक्षा आहे ही.

मग बॉनेट, बंपर, मडगार्डवर कागद आणि टेप. काचेभोवती टेपचे दोन पदर, कारण वॉटर पेपर रंगाला लागला की वेगळंच बिल व्हायचं. पोराने चारशे नंबरचा पेपर बादलीत भिजवून घेतला आणि आडवा घासायला सुरुवात केली. पहिलं पाणी पिवळं येतं, पातळ हळदीच्या पाण्यासारखं, आणि त्यात जुन्या लेपाचे कपचे. हे पिवळं पाणी येतं आहे तोवर नंबर बदलायचा नाही, हा शेडचा नियम. घाई करणारे इथेच घाई करतात. लेप काही जागी राहतो, काही जागी निघतो, आणि नंतर कितीही चकाकी आणली तरी काचेवर नकाशे दिसत राहतात. पाणी पांढरं, दुधाळ यायला लागलं तेव्हा पेंटरनी बोट फिरवून पाहिलं, एका कोपऱ्याकडे खूण केली, पोराने तो पुन्हा घासला. मग सहाशे, उभा. मग आठशे, पुन्हा आडवा. दर नंबराला हाताची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. शेवटी हजार.

काच पुसून वाळवली, तेव्हा ती बाथरूमच्या खिडकीसारखी झाली होती, आरपार काहीच न दिसणारी, सगळीकडे सारखी पांढरट. गाडीचा मालक तिथेच होता. त्याचा चेहरा उतरला. "पेंटर, ही तर होती त्यापेक्षा गेली की हो!" पेंटर हसले. रोज कुणीतरी हे म्हणतंच.

पॉलिशवाला आणि पेंटर यांच्या वाटा इथे फुटतात. पॉलिशवाला हजारवर थांबू शकत नाही. तो पुढे दीड हजार, दोन हजार, तीन हजार असे पेपर मारत जातो, मग कंपाउंड लावून बफ फिरवतो, आणि उघड्या प्लास्टिकलाच काचेसारखी चकाकी आणतो. दिसायला काम फर्मास. पण कारखान्याचा लेप जो काही थोडाफार शिल्लक होता तोही त्याने काढलेला असतो, आणि जागी काही ठेवलेलं नसतं. वरून हात फिरवलेलं वॅक्स दोन-तीन धुण्यांत जातं. उघडी काच उन्हात उभी राहते, आणि नव्या गाडीला जे व्हायला पाच-सहा वर्षं लागली ते आता काही महिन्यांत होतं. पेंटर मात्र हजारवरच थांबतो. त्याला चकाकी नकोच असते, खरखर हवी असते, कारण वरच्या थराला धरायला काहीतरी लागतं.

स्पिरिटच्या फडक्याने काच दोनदा पुसून झाली. थिनरचं फडकं इथे चालत नाही, पॉलिकार्बोनेटला ते बाधतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उठतात. नाकावर डबीचा मास्क चढवून पेंटरनी गनमध्ये क्लिअर आणि हार्डनर मिसळलं. गाडीच्या रंगावर शेवटी मारतात तेच टू-के क्लिअर. पहिला हात अगदी भुरभुरता, जेमतेम काच ओली होईल इतका. पाच-दहा मिनिटं थांबून दुसरा, भरून. आणि त्या दुसऱ्या हाताला, गन डावीकडून उजवीकडे जाताना, काच तिच्या मागोमाग उघडत गेली. पांढरटपणा गेला, आतला रिफ्लेक्टर, बल्ब, बल्बवरची काळी टोपीसुद्धा स्पष्ट दिसायला लागली. बफ नाही, कंपाउंड नाही. पाण्याच्या मगाने जे दहा सेकंदांपुरतं केलं होतं, तेच क्लिअरने टिकाऊपणे केलं: खड्डे भरून काढले. शिवाय या क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात, कारण गाडीचा रंग उन्हात उडू नये यासाठीच ते बनवलेलं असतं. हेडलाइटला नेमकं तेच हवं असतं.

"पॉलिश काय, कुणीबी करंल," पेंटर गन धुता धुता म्हणाले. "टिकायला पायजे न्हवं? नीट मारलं, तर दोन-तीन वरसं बघायला नगं."

कारखान्याच्या लेपाएवढं हे टिकत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. खाली तेल-वॅक्स राहिलं तर थर सुटतो, घाईत जाड मारला तर ओघळतो, रस्त्यावर उघड्यावर मारला तर धूळ बसते. आणि फवाऱ्याच्या डब्यातून येणारं साधं क्लिअर, ज्यात हार्डनर नसतो, ते पावसाळाभरात सोलपटायला लागतं; त्यापेक्षा न मारलेलं बरं. हार्डनरचीही किंमत आहे. त्यात आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गन मारणारे पेंटर आजही शेडोशेडी दिसतात. हा पेंटर डबीचा मास्क वापरत होता, पण पोरगा त्याच्यापासून हातभर अंतरावर नुसताच उभा होता. घरच्या गॅलरीत हा प्रयोग करू नये तो एवढ्याचसाठी.

घरगुती उपायांबद्दल फार लिहायला नको. टूथपेस्ट हे सौम्य कंपाउंडच आहे, अगदी हलक्या धुरकटपणावर थोडा फरक पडतो आणि महिन्याभरात जातो. डास मारायचा किंवा अंगाला लावायचा स्प्रे मारून काच चमकवण्याचे व्हिडिओ गावोगाव फिरतात. त्यातली द्रव्यं प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतात, त्यामुळे ओरखडे क्षणभर मिटतात, आणि नंतर काच चिकट होऊन बारीक तडकते. सगळ्यात वाईट ती वाफेची पद्धत. चहाच्या किटलीसारखं एक भांडं तापवून त्यातल्या रसायनाची वाफ काचेवर सोडतात आणि डोळ्यांदेखत काच हिऱ्यासारखी होते. रसायन बहुधा क्लोरिनवाल्या द्रावकांपैकी असतं, फुप्फुसाला आणि यकृताला घातक. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग वितळवून सपाट करतं, इतकंच. उन्हापासून राखण शून्य. हे करणारी अठरा-वीस वर्षांची पोरं ती वाफ दिवसभर हुंगत असतात, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर शूटिंग करतं.

हेडलाइट पॉलिशचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नाहीच. ते आहेत जुन्या गाड्यांचे डीलर. एका वेळी पाच-सहा गाड्या आणून उभ्या करतात, घाऊक भाव लावतात, आणि काम एवढंच सांगतात की फोटोत चमकलं पाहिजे. एका डीलरने फार मोकळेपणाने सांगितलं, "साहेब, पब्लिक आधी तोंड बघतं. टायर नंतर." त्यांना दोन महिने काच टिकली तरी पुरतं, तेवढ्यात गाडी गेलेली असते. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने बॉनेट उघडून हेडलाइटची वरची कड बघावी, जी बॉनेटच्या ओठाखाली दडलेली असते. पेपर तिथवर पोचत नाही. बाकी काच लख्ख आणि कडेला टेपची पिवळी रेघ राहिली असेल, तर काम झालेलं आहे. काम झालेलं असणं हा दोष नव्हे. वर क्लिअर आहे की नुसतं पॉलिश, हे मात्र विचारावं, आणि उत्तर गोलमाल आलं तर भाव करताना ते धरावं.

नवे दिवे का घालू नयेत, हा रास्त प्रश्न आहे. छोट्या गाडीचा साधा हॅलोजन दिवा कंपनीचा घेतला तरी दोन्ही बाजू मिळून काही हजारांत काम होतं, आणि काच आतून बाद झाली असेल तर तेच करावं. 'लोकल' म्हणून मिळणारा दिवा निम्म्या किमतीत येतो, पण त्याचा लेप आणि झोताची कड दोन्ही नशिबाचा भाग. खरी अडचण नव्या गाड्यांची आहे. त्यांचे एलईडी दिवे बंद डब्यासारखे येतात. काच वेगळी मिळत नाही, अख्खा दिवा बदलायचा म्हणजे एका बाजूचेच वीस-तीस हजार, मोठ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. आतला एलईडी पंधरा वर्षं चालेल, बाहेरची काच सात वर्षांत पिवळी होईल. अपघातात फुटला, तर साध्या विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि उन्हाने पिवळा पडला तर विमा काहीच देत नाही. त्यामुळे हा धंदा वाढणारच. एवढे महाग दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी बाहेरची काच सुटी द्यायला काय हरकत आहे, हे काही कळत नाही. चाकणपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत दिव्यांचे मोठे कारखाने आपल्याच राज्यात आहेत, पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहनांची तपासणी संस्था आहे. नव्या दिव्याची कसून परीक्षा होते. दहा वर्षांच्या दिव्याचं बहुतेक ठिकाणी एवढंच बघितलं जातं, की तो लागतो का.

नवी गाडी असेल त्यांनी पहिल्याच वर्षी काचांवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घ्यावी. पाच-सात वर्षांनी ती पिवळी पडली की सोलून टाकता येते आणि खालचा लेप शाबूत राहतो. हेडलाइटपुरती फिल्म फार महाग पडत नाही. गाडी जुनी असेल त्यांनी रात्री ती भिंतीसमोर पंधरा-वीस फुटांवर उभी करून डिप्पर लावावा. झोताची वरची कड भिंतीवर स्पष्ट दिसत असेल तर घाई नाही. नुसताच पिवळा ढग दिसत असेल, तर सकाळी काचेवर मगभर पाणी ओतून बघावं, आणि पाण्यात काच उघडत असेल तर वॉशिंग सेंटरऐवजी पेंटरचा रस्ता धरावा. दोन्ही काचा एकदमच कराव्यात, म्हणजे दोन्हीकडचा उजेड सारखा पडतो, आणि काम झाल्यावर फोकस सेट करून घ्यावा. पैसे थोडे जास्त जातील, गाडी एक दिवस सोडावी लागेल. ऊस सुरू व्हायच्या आत हे करा. आणि काम सांगण्याआधी एवढं विचारा, की घासल्यावर वरून हार्डनरचं क्लिअर मारणार का. नाही म्हणाला, तर पुढच्या शेडमध्ये जा.